बंद करण्याची आज्ञा उशिरा आली : एम्बेडेड लिनक्सच्या सुरू-बंद होण्यामागची पार्श्वभूमी

तुर्भ्याला एका शीतगृहात आमचा एक बोर्ड बसवलेला आहे. तळहाताएवढा, आत एआरएम प्रोसेसर, त्यावर बिझीबॉक्सचं छोटं लिनक्स. काम एकच : दर मिनिटाला सहा खोल्यांचं तापमान वाचायचं आणि मेमरी कार्डावर नोंदवून ठेवायचं. एका शुक्रवारी तिथे देखभालीसाठी वीज बंद ठेवायची होती. संध्याकाळी लाइट आल्यावर ऑपरेटर काकांचा फोन आला, "मॅडम, कॉम्प्रेसर सुरू झालेत, पण तुमचा डबा काही उठत नाही."

मी महाप्याहून लॅपटॉप आणि सिरियल केबल घेऊन गेले. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नीट वर येत होतं. कार्डावरचा डेटाचा भाग मात्र माउंट होत नव्हता, म्हणजे वापरासाठी जोडला जात नव्हता, आणि त्याच्या भरवशावर असलेला नोंदणीचा प्रोग्रॅम सुरू होऊन लगेच पडत होता. इनिट, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम, त्याला पुन्हा उभं करी, तो पुन्हा पडे. दर सेकंदाला एकदा, लाइट आल्यापासून.

काकांनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. स्क्रीनवरचं बंद करण्याचं बटण दाबलं, स्क्रीन काळी झाली, मग मेन स्विच खाली ओढला. चूक आमच्या बंद करण्याच्या क्रमात होती. ती नेमकी कुठे होती ते पुढे सांगते. पण त्यासाठी आधी हा क्रम कुठून आला ते बघावं लागेल. यंत्र सुरू कसं करायचं याचा विचार पहिल्या दिवसापासून झाला, बंद कसं करायचं याचा विचार वर्षानुवर्षं मागे राहिला. आजही नवीन बोर्ड हातात आला की सगळे 'बूट किती सेकंदात होतो' हेच विचारतात.

लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सची सुरुवात १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केली. १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच इनिट आहे. कर्नल वर आलं की पहिली प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, इनिटची, तिचा क्रमांक १, आणि बाकी सगळ्या प्रोसेस तिची लेकरं किंवा नातवंडं. सुरुवातीला चालवायच्या आज्ञा 'आरसी' नावाच्या फाइलमध्ये असत. हे नाव आलं 'रनकॉम' या शब्दावरून, आणि तो शब्द एमआयटीच्या सीटीएसएस या आणखी जुन्या प्रणालीतला. आज आपण सुरू होताना चालणाऱ्या ज्या फाइलला आरसीएस म्हणतो, तिच्या नावात साठ वर्षांपूर्वीचा तो शब्द अजून शिल्लक आहे.

बंद करायला मात्र खोलीत बसलेला ऑपरेटर होता. डिस्कवर लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठतो आणि सवडीने डिस्कवर उतरतो, हे त्याला माहीत असे. 'अपडेट' नावाची एक प्रोसेस दर ३० सेकंदांनी हा साठा खाली उतरवी. यंत्र बंद करण्याआधी ऑपरेटर 'सिंक' ही आज्ञा हाताने देई, आणि ती तीनदा द्यायची रीत पडली होती. सिंक तेव्हा लिहिणं पूर्ण व्हायची वाट न बघता परत येत असे. तीन वेगळ्या ओळी टाइप करण्यात जे काही सेकंद जात, तेवढ्यात डिस्कचं काम उरके. म्हणजे खरी सोय माणसाच्या बोटांच्या वेगात होती. 'शटडाउन' ही आज्ञा बीएसडी या बर्कलीच्या युनिक्सच्या ४.० आवृत्तीत आली, १९८० मध्ये. इनिटनंतर नऊ वर्षांनी.

बेल लॅब्सच्या मालक कंपनीच्या, एटी अँड टीच्या, बाजूला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सिस्टीम थ्री या युनिक्समध्ये इनिटटॅब ही इनिटला सूचना देणारी फाइल आणि रन लेव्हल, म्हणजे यंत्राच्या अवस्थांचे आकडे, आले, आणि १९८३ च्या सिस्टीम फाइव्हमुळे ती पद्धत सगळीकडे पसरली. शून्य म्हणजे बंद, सहा म्हणजे रीबूट, मधल्या पायऱ्या चालू अवस्थेच्या. प्रत्येक सेवेची एकच स्क्रिप्ट. तिच्याकडे बोट दाखवणारी दोन प्रकारची नावं, 'एस'ने सुरू होणारी चालू करायला आणि 'के'ने सुरू होणारी थांबवायला, पुढे क्रम ठरवणारा आकडा. मला ही रचना आजही मनापासून आवडते. सेवा लिहिणाऱ्याला ती थांबणार कशी, हे त्याच फाइलमध्ये, त्याच बैठकीत लिहावं लागतं. लिनक्ससाठी हे सगळं मिकेल फान स्मूरेनबुर्ख यांनी नव्याने लिहिलं, आणि कितीतरी वर्षं बहुतेक लिनक्स यंत्रं त्याच पद्धतीने उठली आणि झोपली.

एम्बेडेडचा, म्हणजे वस्तूंच्या आत बसवलेल्या छोट्या लिनक्सचा, फाटा फुटला तो एका फ्लॉपीमुळे. १९९५-९६ च्या सुमारास ब्रूस पेरेन्स यांना डेबियन हे लिनक्स बसवण्यासाठी लागणारी आणि अडचणीत दुरुस्तीला उपयोगी पडणारी प्रणाली १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवर मावायला हवी होती. प्रत्येक आज्ञेची स्वतंत्र फाइल ठेवली तर जागा पुरणार नव्हती. म्हणून त्यांनी सगळ्या आज्ञा एकाच प्रोग्रॅममध्ये घातल्या. ज्या नावाने हाक माराल त्याप्रमाणे तो वागतो. हा बिझीबॉक्स. पुढे एरिक अँडरसन यांनी तो हाती घेतला आणि फ्लॉपीसाठी केलेली काटकसर राउटर, सेट-टॉप बॉक्स, मीटर, कंट्रोलर अशा फ्लॅशवर चालणाऱ्या वस्तूंच्या कामी आली. बिल्डरूटने त्यावर आख्खी प्रणाली रचून देण्याची सोय केली. आजही बिल्डरूटमध्ये काही न निवडता पुढे गेलात तर इनिट बिझीबॉक्सचंच मिळतं. आमच्या बोर्डवर तेच आहे.

या काटकसरीत रन लेव्हल गेल्या. बिझीबॉक्सच्या इनिटटॅबमध्ये थोडेच शब्द उरले. 'सिसइनिट' म्हणजे सगळ्यात आधी चालवायचं. 'रीस्पॉन' म्हणजे मेलं की पुन्हा उभं करायचं. 'आस्कफर्स्ट' म्हणजे कन्सोलवर एंटर दाबायला सांगून मगच शेल द्यायचं. सिरियल केबल लावणाऱ्या प्रत्येकाला ती ओळ पाठ असते. आणि 'शटडाउन' म्हणजे जाता जाता करायचं. इनिटटॅब फाइलच नसेल तरी अडत नाही : आरसीएस चालवणं, कन्सोलवर शेल देणं, बंद होताना स्वॅप (मेमरीची डिस्कवरची जोड) काढणं आणि सगळे विभाग अनमाउंट करणं, एवढं त्याच्या पोटातच आहे.

आता शेवटची वाट जवळून बघू. पॉवरऑफ किंवा रीबूट ही आज्ञा दिली की ती स्वतः काही बंद करत नाही, इनिटला एक सिग्नल पाठवते. इनिट आधी शटडाउनच्या ओळी एकामागून एक चालवतं. मग 'द सिस्टीम इज गोइंग डाउन नाउ' असं छापतं, सगळ्या प्रोसेसना टर्म, म्हणजे 'आवरतं घ्या' असा, सिग्नल देतं, सिंक करतं, एक सेकंद थांबतं आणि जे उरलेत त्यांना किल, म्हणजे जागीच मारणारा सिग्नल, देतं. शेवटी कर्नलला रीबूटचा सिस्टीम कॉल, म्हणजे थेट विनंती.

क्रम नीट वाचा. अनमाउंटची ओळ शटडाउनच्या ओळींत आहे, म्हणजे ती चालते तेव्हा तुमचे प्रोग्रॅम अजून जिवंत असतात. लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम असं ठेवलंय, म्हणजे सगळ्यांना मारण्याआधी तुमच्या स्क्रिप्टने सेवा व्यवस्थित थांबवाव्यात. जबाबदारी तुमच्यावर सोपवली आहे. तुम्ही ती घेतली नाही आणि एखाद्या प्रोग्रॅमने फाइल लिहायला उघडी धरली असेल, तर अनमाउंट 'डिव्हाइस बिझी' म्हणून परत येतं. नुसतं वाचनापुरतं पुन्हा माउंट करण्याचा प्रयत्नही त्याच कारणाने फसतो, आणि नंतर कुणी पुन्हा प्रयत्न करत नाही.

तुर्भ्याला हेच झालं होतं. स्क्रीनचा प्रोग्रॅम आरसीके ही बंद करण्याची स्क्रिप्ट पहिल्याच फटक्यात थांबवी, म्हणून स्क्रीन लगेच काळी होई. नोंदणीचा प्रोग्रॅम मात्र इनिटटॅबमध्ये रीस्पॉनने लावलेला. आरसीकेला त्याची खबरच नव्हती. तो डेटाच्या भागावर फाइल उघडी धरून बसला, अनमाउंट फसलं. पुढे टर्म मिळाल्यावर त्याने मेमरीत साठवलेल्या नोंदी लिहायला घेतल्या, आणि त्या कार्डावर उतरत असतानाच काकांनी मेन स्विच ओढला. काळी स्क्रीन बघून कुणीही ओढला असता. कार्डाची वीज अर्ध्या लिहिण्यात गेली तर आतला हिशेबच बिघडू शकतो, मग त्यावरची फाइल सिस्टीम (फाइलींची मांडणी) कितीही चांगली असो.

जाता जाता एक गोष्ट, जी मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी दिवसभर सगळ्यांना सांगत होते. लिनक्समध्ये रीबूटचा सिस्टीम कॉल चुकून होऊ नये म्हणून त्याला दोन जादूचे आकडे द्यावे लागतात. पहिला हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) लिहिला की 'फील डेड' असा वाचता येतो. दुसरा हेक्समध्ये २८१२१९६९ असा दिसतो, म्हणजे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची जन्मतारीख, २८ डिसेंबर १९६९. त्याऐवजी चालणारे आणखी तीन आकडे आहेत, ते त्यांच्या तीन मुलींच्या जन्मतारखांचे. जगातलं प्रत्येक लिनक्स यंत्र बंद होताना यातली एक तारीख उच्चारतं.

बंद होणं आपल्या हातात नाही, हे गृहीत धरून काम करणाऱ्यांची एक वेगळी धारा फाइल सिस्टीमच्या बाजूने आली. फ्लॅशवर जागच्या जागी पुन्हा लिहिता येत नाही, आधी आख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून २००१ मधल्या जेएफएफएस२ ने लिहिण्याची पद्धतच वहीसारखी केली : जुनं खोडायचं नाही, नवीन पुढे लिहायचं, आणि उठल्यावर शेवटची धड नोंद खरी मानायची. नोकियाने हंगेरीतल्या सेगेद विद्यापीठाबरोबर केलेली यूबीआयएफएस २००८ मध्ये कर्नलमध्ये आली. स्क्वॉशएफएसने मूळ प्रणाली केवळ वाचण्यापुरती आणि दाबून लहान केलेली ठेवायची सोय दिली, म्हणजे लाइट कधीही गेली तरी निदान कर्नल आणि प्रोग्रॅम शाबूत. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपी एम्बेडेडमध्येही 'एन्हान्स्ड राइट फिल्टर' त्याच विचाराचा होता : लिहिणं सगळं मेमरीत, डिस्कला धक्का नाही. पण नोंदी ठेवणं हेच ज्या यंत्राचं काम, त्याला कुठेतरी लिहावंच लागतं.

वॉचडॉगची कथा याला समांतर चालते. ठरावीक वेळात कुणी थोपटलं नाही तर हा घड्याळवजा सर्किट यंत्र पुन्हा सुरू करतो. ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर काही दिवसांनी स्वतःहून पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागलं. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टीम होती. महत्त्वाचं काम कमी महत्त्वाच्या कामामागे अडकून पडत होतं, आणि ते वेळेत झालं नाही हे पाहून यंत्रणा रीसेट करत होती. पृथ्वीवरून एक सेटिंग बदलून ते थांबवलं गेलं. लिनक्समध्ये वॉचडॉग थोपटणाऱ्या प्रोग्रॅमला खरंच निवृत्त व्हायचं असेल तर बहुतेक ड्रायव्हरना बंद होण्याआधी 'व्ही' हे एक अक्षर लिहून द्यावं लागतं. न लिहिता गेला तर तो मेला असं समजून घड्याळ चालूच राहतं. निरोप घेऊन जाणारा आणि कोसळलेला यांच्यात फरक करायचा, तो एका अक्षराने.

सिस्टीमडी हे नवं इनिट २०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी आणलं, डेबियनने २०१४ मध्ये ते स्वीकारलं. त्यावरचे वाद मी इथे उकरत नाही. माझ्या कामापुरतं बोलायचं तर त्याने अवलंबन नीट मांडलं : कोणती सेवा कोणानंतर सुरू होते हे एकदा लिहिलं की थांबवण्याचा क्रम उलटा आपोआप मिळतो. शिवाय बंद होतानाच यंत्र अडकलं तर तिथेही वॉचडॉग लावता येतो. आमच्या बोर्डच्या फ्लॅशमध्ये मात्र ते सुखाने मावत नाही.

आमच्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. ठाण्याची वागळे इस्टेट १९६२ मध्ये एमआयडीसीने उभारली. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे कारखाने, गोदामं, शीतगृहं, आता डेटा सेंटरं, सगळी एकाच विजेच्या जाळ्यावर. १२ ऑक्टोबर २०२० ला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, कळवा-पडघा वाहिन्यांवरच्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग एकदम अंधारात गेला, लोकल जिथल्या तिथे थांबल्या. त्या क्षणी कुठल्याही बोर्डवर कुणी बंद करण्याचं बटण दाबलेलं नव्हतं. इनिटला सिग्नल नाही, आरसीके नाही, एक सेकंदाची सवलत नाही.

तुर्भ्याच्या बोर्डवर आता नोंदणीचा प्रोग्रॅम आरसीकेमध्ये सगळ्यात आधी थांबतो, आणि स्क्रिप्ट त्याची प्रोसेस खरंच गेल्याची खात्री करूनच पुढे सरकते. नोंदी मेमरीत साठवून ठेवणं बंद केलं. स्क्रीन शेवटी काळी होते, त्याआधी मोठ्या अक्षरात 'थांबा' दिसतं. पुरवठा पडू लागला की प्रोसेसरच्या एका पिनवर इशारा येतो, आणि एक सुपरकपॅसिटर बोर्डला काही सेकंद धरून ठेवतो, तेवढ्यात फाइल बंद होऊन विभाग अनमाउंट होतो. बसवून झाल्यावर मी काकांना म्हटलं, बटण न दाबता सरळ मेन स्विच ओढा. त्यांचा हात आधी धजेना. मग त्यांनी ओढला, आणि आम्ही दोघं लॅपटॉपवर शेवटची ओळ उमटेपर्यंत बघत राहिलो.