दातांवरून ओळख आणि चाव्यावरून ओळख

विमान कोसळलं, मृतदेह ओळखू येईनासे झाले, की बातमीत येतं: ‘दातांवरून ओळख पटली’. खुनाच्या खटल्यात येतं: ‘अंगावरच्या चाव्याशी आरोपीचे दात जुळले’. दोन्हीकडे साक्ष देतो तो दंततज्ज्ञच, म्हणून दोन्ही पुरावे एकाच वजनाचे वाटतात. तसे ते नाहीत.

पहिल्या कामात दाताशी दात पडताळतात. दातावरचं आवरण, एनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, त्यामुळे आगीतही दात बरेचदा टिकतात. मयताने कधी रूट कॅनल केलं, कुठली दाढ काढली, कुठे कॅप बसवली, हे त्याच्या जुन्या एक्स-रेत असतं. तो समोर ठेवून जबडा तपासायचा. इंटरपोल या पद्धतीला बोटांचे ठसे आणि डीएनएच्या पंगतीत बसवतं. अडचण एवढीच, की आपल्याकडे दाढ ठणकल्याशिवाय दवाखान्याची पायरी न चढणारेच जास्त. जुना एक्स-रे आणायचा कुठून?

चाव्याच्या बाबतीत हाती दात नसतात, कातडीवरचा वण असतो. तोही बहुधा पुढच्या दातांच्या कडांचा. कातडी म्हणजे काही मळलेली कणीक नव्हे. ती ताणली जाते, सुजते, काळीनिळी पडते, झटापटीत सरकते. अमेरिकेतल्या बफेलो इथल्या संशोधकांनी मृतदेहांच्या त्वचेवर एकाच साच्याने चावे उमटवून पाहिले, तर खुणा वेगवेगळ्या आल्या. माणसागणिक पुढच्या दातांची ठेवण वेगळीच असते, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. २०१६ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनी या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट म्हटलं. तोवर माणसं तुरुंगात जाऊन बसली होती.

रे क्रोनचंच घ्या. १९९१ च्या अखेरीस ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये बारमध्ये काम करणाऱ्या एका बाईचा खून झाला. अंगावर चाव्याची खूण होती आणि क्रोनचे पुढचे दात वेडेवाकडे होते. पोलिसांनी त्याला थर्माकोल चावायला लावला, तज्ज्ञाने ‘जुळतं’ म्हणून सांगितलं आणि १९९२ मध्ये फाशीची शिक्षा झाली. १९९६ मध्ये खटला पुन्हा चालला. बचाव पक्षाने आपले तज्ज्ञ आणले, तरी ज्युरीने त्याला पुन्हा दोषी धरलं. या वेळी जन्मठेप. अखेर २००२ मध्ये मृत बाईच्या कपड्यावरच्या लाळेची डीएनए तपासणी झाली. लाळ निघाली दुसऱ्याच माणसाची, आणि तो दुसऱ्या गुन्ह्यासाठी आधीच तुरुंगात होता. क्रोनची दहा वर्षं गेली ती गेलीच.

टेक्सासच्या स्टीव्हन चेनीची तऱ्हा याहून वाईट. खुनाच्या दिवशी तो दुसरीकडे होता असं सांगणारे नऊ साक्षीदार होते. पण चावा दुसऱ्या कुणाचा असण्याची शक्यता दहा लाखांत एक, असं तज्ज्ञाने सांगितलं. हा आकडा कशावर आधारलेला होता? कशावरच नाही. १९८७ मध्ये दोषी ठरलेला चेनी २०१५ मध्ये बाहेर आला.

आपल्याकडेही दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार खटल्यात चाव्यांचा अहवाल होता आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. तिथे डीएनएसह इतर पुरावे होते, निकाल एकट्या चाव्यावर उभा नव्हता. पण जिथे चाव्याखेरीज दुसरं फारसं काही नसेल, तिथे बचावाच्या वकिलाने दातांच्या फोटोंवर वाद घालण्याआधी एवढं विचारावं: जखम धुण्यापूर्वी तिच्यावरून लाळेचा स्वॅब घेतला होता का, आणि त्याचा अहवाल कुठे आहे?