पूल की पुरावा? सुवार्ता सांगताना कुराणाचा आधार घेण्याच्या दोन तऱ्हा

मुस्लिम मित्राशी येशूबद्दल बोलताना सुवार्तिक (ख्रिस्ताचा संदेश सांगणारा) कुराणातली आयत काढतो, तेव्हा तो दोनपैकी एक काम करत असतो. एकात कुराण पूल असतं: ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या जागेवरून बोलणं सुरू होतं. दुसऱ्यात ते पुरावा असतं: ‘तुमच्याच ग्रंथात लिहिलंय, आता माना.’ आयत तीच असल्यामुळे गल्लत होते, आणि पुष्कळदा ती बोलणाऱ्याच्या स्वतःच्याच डोक्यात असते. फरक कळतो तो आयतीनंतरच्या वाक्यात.

सूरा (कुराणातला अध्याय) आले-इम्रानची ४५वी आयत घ्या. फरिश्ते मरियमला अल्लाहकडच्या एका ‘कलिम्या’ची, म्हणजे शब्दाची, खूशखबर देतात, त्याचं नाव मसीह ईसा, म्हणजे येशू. पूल बांधणारा इथे विचारतो, “ईसांना कलिमा म्हटलंय, याचा अर्थ तुमच्याकडे कसा लावतात?” उत्तर पूर्ण ऐकतो. मग म्हणतो, “योहानाच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाही ‘शब्द’ आहे, पण आम्ही त्याचा अर्थ वेगळा घेतो. वाचून दाखवू का?”

पुरावा मांडणारा म्हणतो, “ईसा अल्लाहचा शब्द, अल्लाहचा शब्द अनादि, म्हणून ईसा देव.” ऐकायला बिनतोड वाटतं. पण दोनच आयती पुढे, ४७मध्ये, मरियम विचारते की मला मूल कसं होईल, आणि उत्तर येतं: अल्लाह ‘हो’ (म्हणजे ‘अस्तित्वात ये’) म्हणतो आणि ते होतं. ५९मध्ये तर ईसांची तुलना थेट आदमशी आहे, मातीपासून घडवून ‘हो’ म्हटलेल्या आदमशी. मुस्लिम वाचकाला कलिमा म्हणजे साधारणपणे हाच ‘हो’ अभिप्रेत असतो. त्याला ही आयत तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते, आणि तुम्ही ती मध्येच थांबवलीत हेही त्याला दिसतं. युक्तिवाद पडतो ते पडतोच, विश्वासही जातो.

४९व्या आयतीचं तसंच. मातीचा पक्षी जिवंत करणं, आंधळ्याला दृष्टी देणं, मेलेल्याला उठवणं, हे चमत्कार सांगून ‘हे देवच करू शकतो’ म्हणायचा मोह होतो. त्याच आयतीत ‘अल्लाहच्या परवानगीने’ हे शब्द दोनदा आहेत. सूरा निसाच्या १७१मधले ‘शब्द’ आणि ‘रूह’ (आत्मा) उचलताना तर अर्धी आयतच गाळावी लागते, कारण ‘तीन म्हणू नका’ हेही तिथेच आहे.

बांगलादेशातल्या कामातून पुढे आलेली ‘कॅमल’ ही मुस्लिमांना सुवार्ता सांगण्याची पद्धत आले-इम्रानच्या ४२ ते ५५ या आयतींवर उभी आहे. तिचा हेतू पुलाचा आहे. पण शिकून आलेले लोक ५५वर पुस्तक मिटतात आणि पुढच्या चार आयतींतच वर सांगितलेली आदमची तुलना येते. निदान ६४पर्यंत स्वतः वाचून जा. मुस्लिम भाष्यकार हा भाग अरबस्तानातल्या नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाशी पैगंबरांच्या झालेल्या वादाशी जोडतात. ख्रिस्ती मताला दिलेल्या उत्तरातूनच ख्रिस्ती मत सिद्ध करायला निघणं म्हणजे कमालच. ५५मधल्या ‘मुतवफ्फीक’ (साधारण ‘तुला परत घेणारा’) या शब्दावरून क्रूसावरचा मृत्यू दाखवण्याचा प्रयत्नही होतो. हे क्रियापद मृत्यूसाठी येतं, पण सूरा अनआमच्या ६०मध्ये ते झोपेसाठी आहे, आणि निसाची १५७ क्रूस स्पष्ट नाकारते. शब्दकोश घेऊन हा वाद जिंकता येत नाही.

येशूचा प्रेषित पौल याने अथेन्समध्ये दोन्ही कामं केली, पण वेगवेगळ्या साहित्याने (प्रेषितांची कृत्ये १७). ‘आपण त्याचाच वंश आहोत’ ही ओळ अराटस या ग्रीक कवीची, मुळात झ्यूसबद्दलची. पौलाने ती जोडणीपुरती वापरली. प्रमाण म्हणून, ३१व्या वचनात, त्याने पुनरुत्थान पुढे केलं.

समोरच्याचा ग्रंथ पुरावा म्हणून उघडला की तोही तुमचा ग्रंथ तसाच उघडतो. १८५४मध्ये आग्र्यात झालेल्या जाहीर ख्रिस्ती-मुस्लिम वादात मिशनरी फांडरसमोर मौलाना रहमतुल्लाह कैरानवी युरोपातल्याच बायबल-अभ्यासकांचं संशोधन घेऊन बसले, आणि बायबलच्या प्रतींत पाठभेद (मजकुरातले फरक) आहेत हे फांडरना कबूल करावं लागलं.

प्रत्यक्ष बसताना एक-दोन आयती पुरेत. शक्यतो त्याच्याच प्रतीतून, त्यालाच वाचू द्या. मागच्या-पुढच्या पाच-पाच आयती तुम्ही आधी वाचलेल्या असाव्यात. कुराण जमिनीवर ठेवू नये, त्यावर दुसरं पुस्तक ठेवू नये. पेन्सिलीने खुणा केलेली प्रत काढली तर आयतीआधी खुणाच दिसतात. अनेक मुस्लिम वजू (हात-पाय-तोंड धुऊन शुद्ध होणं) केल्याशिवाय अरबी प्रतीला हात लावत नाहीत. तुम्ही भाषांतर वापरलंत तर तो अवघडलेपणा टळतो. ‘इंजील’ शब्दही जपून वापरा. त्याच्या लेखी ती ईसांवर उतरलेली एक किताब आहे, तुमच्या हातात ईसांबद्दलची चार शुभवर्तमानं आहेत. हे आधीच सांगितलं नाही, तर चार कशी झाली या प्रश्नात तासभर जातो.

आणि एक प्रश्न हमखास येतो: “मग तुम्ही कुराण मानता?” पुरावा मांडणारा इथे अडकतो. ‘हो’ म्हटलं तर क्रूस नाकारणारी निसाची १५७ही मानावी लागते. ‘नाही’ म्हटलं तर, न मानलेल्या ग्रंथाचा पुरावा कसा दिलात? पूल बांधणाऱ्याचं उत्तर सरळ असतं: “देवाचं वचन म्हणून मानत नाही. तुम्ही मानता आणि त्यात ईसांचं नाव आहे, म्हणून तुमच्याकडून समजून घ्यायचं होतं.” हे उत्तर पहिल्या भेटीतच, त्याने विचारण्याआधी द्यावं. तिसऱ्या भेटीत दिलं तर आधीच्या दोन भेटी त्याला फसवणूक वाटतात.