कच्चा आहार आणि लांब पल्ल्याची धाव: खुराकाचा जुना हिशोब

पहाटे कोल्हापूरच्या रंकाळ्यावर पळणाऱ्यांत आणि पन्हाळ्याचा चढ सायकलवर चढणाऱ्यांत हल्ली एक प्रश्न वरचेवर निघतो. चूल न पेटवता, नुसती फळं, मोड आलेले मूग आणि भिजवलेले बदाम खाऊन मॅरेथॉनची तयारी होईल का?

मुळात हा आहार पळणाऱ्यांसाठी निघालाच नव्हता, तो निघाला आजाऱ्यांसाठी. डॉ. बिर्खर-बेनर यांनी 1904 मध्ये झुरिकला आरोग्यधाम काढलं. तिथे रुग्णांना किसलेलं सफरचंद, भिजवलेले ओट आणि सुकामेवा मिळायचा. आजची म्यूस्ली ती हीच. आपल्याकडे गांधीजींनी 1929 मध्ये मोड आलेले गहू, वाटलेले बदाम आणि कच्च्या भाज्या यांवर राहून पाहिलं. काही महिन्यांतच आमांश झाला आणि प्रयोग थांबला. अपयश त्यांनी लपवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे 1946 मध्ये त्यांनी उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला.

शिजवल्याने अन्नातली एन्झाइम्स, म्हणजे पचनासारख्या क्रिया घडवणारी द्रव्यं, मरतात आणि पचनाचा भार शरीरावर पडतो, हा दावा अमेरिकेतून आला. पण एन्झाइम्स म्हणजे प्रथिनंच. कच्ची खाल्ली तरी त्यांतली बहुतेक जठरातच मोडतात.

लांब पल्ल्याच्या खेळाडूंच्या आहाराचं शास्त्र वेगळ्याच वाटेने घडलं. 1967 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून दाखवलं, की स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, जितकं साठलेलं, तितका वेळ माणूस टिकतो. ते भरायला पिष्टमय पदार्थ भरपूर लागतात. साधा हिशोब मांडा. पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण 1 किलोकॅलरी खर्च होते. 65 किलोच्या माणसाला 42.195 किलोमीटरला सुमारे 2,700. मध्यम केळ्यात 100 च्या आसपास. म्हणजे एका शर्यतीचा खर्च भरून काढायला सत्तावीस केळी! नुसत्या फळांवर पळणारे खरोखरच डझनाच्या हिशोबाने खातात. ऊर्जा मिळतेही, पण इतका चोथा पोटात घेऊन पळणं सोपं नाही. प्रथिनं कमी पडतात, आणि बी-12 तर फळभाज्यांत नसतंच.

जर्मनीतल्या गीसन इथे 1999 मध्ये कच्चा आहार घेणाऱ्या 513 जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. 45 वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे 30 टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा बंदच पडली होती. आणि त्या काही मॅरेथॉनची तयारी करत नव्हत्या. पळणाऱ्या मुलींनी हे वाचावं असं मला तळमळून वाटतं. पाळी थांबणं हे कसदार सरावाचं लक्षण नाही. अन्न कमी पडतंय, असं शरीर सांगत असतं, आणि त्याची झळ हाडांना बसते.

न शिजवलेला खुराक कोल्हापूरला मात्र नवा नाही. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान उभं केलं, तालमींना आश्रय दिला. त्या तालमींत आजही थंडाई घोटली जाते. रात्रभर भिजवलेले बदाम, खसखस, मगज, बडीशेप, मिरी, सगळं कुंडीत दांड्याने घोटायचं, फडक्यातून गाळून दुधात घालायचं. विस्तवाचा संबंध नाही. भिजवल्याने बदामाची साल निघते, घोटल्याने ते पचायला हलके होतात. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून ग्लास हातात मिळतो. धारोष्ण दुधाची ती गोडी कबूल आहे, पण कच्च्या दुधातून ब्रुसेला (जनावरांकडून माणसाला ताप आणणारे जंतू) आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात, म्हणून मी ते उकळूनच घेईन.

थंडाईने पैलवानाचं जेवण मात्र कधी टळलं नाही. हजार जोर-बैठका मारलेल्या पोराच्या ताटात भाकरी आणि मटण येतंच, थंडाई असते ती त्याच्या जोडीला.