परदेशी संस्थेबरोबर ऊर्जा संशोधनाचा संयुक्त प्रकल्प: बडोद्यातून अर्ज करताना

परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त संशोधन म्हटलं की बहुतेकांना वाटतं, आता युरोत किंवा डॉलरमध्ये अनुदान येणार. सरकारांमधल्या द्विपक्षीय कार्यक्रमांत सहसा तसं होत नाही. आपल्या संस्थेचा खर्च भारत सरकार करतं, तिकडच्या संस्थेचा त्यांचं सरकार. सीमा ओलांडतात ती माणसं, नमुने, मोजमापं आणि डिझाइन. पैसा आपापल्या घरीच राहतो. एवढं नीट लक्षात घेतलं तर कुठला कागद कशासाठी लागतो हे आपोआप कळायला लागतं.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या अणुसंमीलन प्रकल्पात भारत २००५ मध्ये सामील झाला. सात भागीदारांपैकी भारताचा वाटा साधारण ९ टक्के, आणि त्यातला मोठा भाग रोख रकमेत नसून वस्तूंच्या रूपात आहे. ही जबाबदारी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या ईटर-इंडियाकडे आहे. सुमारे ३,८५० टन वजनाच्या क्रायोस्टॅटचे, म्हणजे संमीलन यंत्राला वेढणाऱ्या प्रचंड निर्वात-पात्राचे भाग सुरतजवळ हजिऱ्याला एल अँड टीच्या कारखान्यात तयार झाले आणि जहाजाने फ्रान्सला गेले. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचंही तसंच. इमारतींमधली ऊर्जा बचत या विषयावर सेप्ट आणि अमेरिकेची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांनी भारत-अमेरिका स्वच्छ ऊर्जा कार्यक्रमात २०१२ पासून एकत्र काम केलं. त्या कार्यक्रमासाठी दोन्ही सरकारांनी पाच वर्षांसाठी प्रत्येकी अडीच कोटी डॉलरची तरतूद ठेवली होती, ती आपापल्या बाजूच्या संस्थांसाठी.

आधी ठरवा: आपल्या वाट्याचा रुपया कुठून येणार

तो केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाकडून, म्हणजे डीएसटीकडून किंवा त्याच्या द्विपक्षीय संस्थांकडून येणार असेल तर वाट सरळ आहे. पैसा भारतीय, हिशेब भारतीय, परदेशी निधीच्या कायद्याचा संबंध नाही. मी तरी पहिल्या प्रकल्पासाठी हीच वाट सुचवेन.

परदेशी फाउंडेशन किंवा विद्यापीठ थेट अनुदान पाठवणार असेल तर २०१० चा परदेशी योगदान नियमन कायदा, म्हणजेच एफसीआरए, लागू होतो. बडोद्यात संशोधन करणारे ट्रस्ट आणि सोसायट्या इथेच अडखळतात. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. अर्ज ऑनलाइन, एफसी-३ए नमुन्यात. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत उघडलेल्या एफसीआरए खात्यातच उतरवता येतो. खातं दिल्लीला प्रत्यक्ष न जाता उघडता येतं, त्यामुळे त्याची धास्ती नको. संस्था नवी असेल तर ठरावीक देणगीदार आणि ठरावीक कामापुरती पूर्वपरवानगी एफसी-३बी नमुन्यात मागता येते. त्याला देणगीदाराचं हमीपत्र जोडावं लागतं.

२०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएखाली आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. ऊर्जा संशोधनात चार-पाच संस्थांचे गट असतात, आणि परदेशी भागीदाराला वाटतं की एका भारतीय संस्थेला रक्कम पाठवली की ती बाकीच्यांत वाटेल. तसं चालत नाही. प्रस्तावाचा आराखडा काढतानाच भागीदाराला हे स्पष्ट सांगा, नाहीतर करार झाल्यावर बजेट नव्याने मांडावं लागेल.

केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने किंवा सरकारी आदेशाने स्थापन झालेल्या, पूर्णपणे सरकारी मालकीच्या आणि ज्यांचे हिशेब कॅगकडून तपासून घेणं बंधनकारक आहे अशा संस्थांना या कायद्यातून सूट आहे. या सगळ्या अटी एकत्र पूर्ण व्हायला हव्यात. ‘आपलं विद्यापीठ सरकारी आहे, म्हणजे सूट आहेच’ असं धरून चालू नका, लेखा विभागाकडून लेखी घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, जागतिक बँक यांना कायदा परदेशी स्रोत मानत नाही.

राहिली फी. परदेशी कंपनीने ट्रान्सफॉर्मर किंवा केबल तपासायला पाठवली आणि बिल भरलं, तर ते सेवेचं मोल आहे, परदेशी योगदान नव्हे. मकरपुऱ्यात १९७४ पासून काम करणाऱ्या एर्डासारख्या चाचणी संस्थांच्या शहरात हा फरक समजावून सांगायची गरज पडू नये. पण अनुदानाला सल्लागार-फीचा मुलामा देण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बिलामागे खरी सेवा दिसायला हवी.

कुठल्या दारातून जायचं

भारत-फ्रान्ससाठी १९८७ पासून सेफिप्रा हे संयुक्त संशोधनाला निधी देणारं केंद्र आहे. अमेरिकेसाठी २००० साली स्थापन झालेला भारत-अमेरिका विज्ञान आणि तंत्रज्ञान फोरम. जर्मनीसाठी गुरुग्रामचं भारत-जर्मन विज्ञान आणि तंत्रज्ञान केंद्र, ज्याची ‘टू प्लस टू’ योजना बडोद्याला अगदी सोयीची वाटते: दोन्ही देशांतून प्रत्येकी एक संशोधन संस्था आणि एक उद्योग. कलाभवनातल्या, म्हणजे एमएस विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेतल्या प्राध्यापकाला उद्योग भागीदार शोधायला गावाबाहेर जावं लागू नये. मात्र उद्योगाला स्वतःचाही पैसा घालावा लागतो, तेव्हा कंपनीच्या मालकाशी ही गोष्ट पहिल्याच भेटीत बोलून घ्या. इतर अनेक देशांसाठी डीएसटीचा आंतरराष्ट्रीय सहकार्य विभाग वेळोवेळी कॉल, म्हणजे प्रस्ताव मागवणारी घोषणा, काढतो. उत्पादनाच्या जवळ पोहोचलेलं काम असलेल्या कंपन्यांनी गीटाच्या, म्हणजे उद्योगांच्या संयुक्त संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेच्या घोषणा पाहाव्यात.

युरोपियन युनियनच्या होरायझन युरोप या संशोधन-निधी कार्यक्रमाबद्दल (२०२१-२७) बराच गैरसमज आहे. भारतीय संस्थेला गटात सामील होता येतं, पण पैसा आपोआप मिळत नाही, कारण भारत त्या आपोआप-पात्र देशांच्या यादीत नाही. एखाद्या कॉलसाठी भारत सरकारने सहनिधी जाहीर केला असेल, तर आपला खर्च तिथून निघतो. नाहीतर स्वतःच्या खिशातून. सहभागासाठी संस्थेचा नऊ आकडी पीआयसी, म्हणजे सहभागी संस्थेचा ओळख क्रमांक लागतो. तो एकदाच काढायचा असतो, म्हणून आधी आपल्या विद्यापीठाचा काढलेला आहे का ते विचारा, दुसरा काढत बसू नका.

पात्रता

मुख्य संशोधक, म्हणजे पीआय, संस्थेत नियमित पदावर हवा. प्रकल्प चालू असताना निवृत्ती येत असेल तर प्रकल्प संपेपर्यंत सेवेत राहणारा सह-संशोधक दाखवावा लागतो. एका वेळी किती द्विपक्षीय प्रकल्प हातात असावेत यावर बऱ्याच कॉलमध्ये मर्यादा असते. खासगी संस्थेला केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची (डीएसआयआर) सिरो, म्हणजे संशोधन संस्था म्हणून मान्यता असेल तर बाजू भक्कम होते, ट्रस्ट किंवा सोसायटी असेल तर एनजीओ दर्पण या सरकारी नोंदणी पोर्टलचा क्रमांक मागतात. पीएचडीचे विद्यार्थी पीआय होऊ शकत नाहीत, पण प्रवासाच्या वेळापत्रकात त्यांचीच नावं सगळ्यांत जास्त असावीत. परीक्षकांनाही ते आवडतं, आणि खरं काम तेच करतात.

कागदपत्रं

डीएसटीचे अर्ज ई-पीएमएस पोर्टलवर भरतात. दोन्ही देशांच्या पीआयने एकच प्रस्ताव, शक्यतो त्याच शीर्षकाने, आपापल्या एजन्सीकडे मुदतीत भरायचा असतो. एकाच बाजूने आलेला अर्ज छाननीतच बाद होतो, मग त्यातलं विज्ञान कितीही चांगलं असो. भागीदाराकडून अर्ज भरल्याची पोच मागून घ्या. यात संकोच नको.

जोडायचं ते असं: दोन्ही पीआयचे बायोडेटा, संस्थाप्रमुखाच्या सही-शिक्क्याचं एन्डॉर्समेंट (संस्थेच्या पाठिंब्याचं) प्रमाणपत्र, भागीदाराचं संमतीपत्र, कामाची वाटणी, वर्षवार बजेट आणि दौऱ्यांचं वेळापत्रक. एन्डॉर्समेंटची फाइल विभागप्रमुख, डीन, रजिस्ट्रार अशी फिरते. शेवटच्या आठवड्यात ती हलवणं कुणाच्याही हातात नसतं, म्हणून प्रस्तावाचा सारांश तयार होताच फाइल टाका.

बजेटमध्ये मनुष्यबळ, उपभोग्य साहित्य, प्रवास, आकस्मिक खर्च आणि ओव्हरहेड अशी खाती असतात. अनेक द्विपक्षीय कॉल मोठ्या उपकरणांना पैसा देत नाहीत. विमानाचं भाडं, विमा, मुक्काम यांतलं काय कुठली बाजू देणार हे कॉलमध्ये लिहिलेलं असतं. भागीदारही तेच धरून चाललाय याची खात्री करा.

विजेच्या जाळ्याचा डेटा वापरणार असाल तर तो ज्याचा आहे त्याचं संमतीपत्र जोडा. वितरणाची आकडेवारी मध्य गुजरात वीज कंपनीची, पारेषणाची गेटको या राज्याच्या पारेषण कंपनीची. नर्मदेच्या वडोदरा शाखा कालव्यावरचा १० मेगावॅटचा सौर प्रकल्प, ज्याचं उद्घाटन जानेवारी २०१५ मध्ये बान की मून यांच्या हस्ते झालं, परदेशी पाहुण्यांना दाखवायला छान आहे. पण त्याच्या उत्पादनाचे आकडे लेखात वापरायचे असतील तर सरदार सरोवर नर्मदा निगमची परवानगी लागेल. घरगुती मीटरची नोंद वैयक्तिक माहितीत मोडू शकते. ती भागीदाराला पाठवण्याआधी ओळख पुसून टाका.

सीमेवरचे कायदे, जे कॉलमध्ये लिहिलेले नसतात

पेटंट. भारतात राहणाऱ्या संशोधकाला थेट परदेशात पेटंट अर्ज करता येत नाही. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३९ प्रमाणे एक तर फॉर्म २५ वर पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यायची, किंवा आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. संयुक्त शोधात बडोद्यातल्या एका शोधकर्त्याचं नाव असलं तरी हे लागू आहे. तिकडच्या विद्यापीठाचं पेटंट ऑफिस घाईत असतं आणि त्यांना हे कलम माहीत असेलच असं नाही. त्यामुळे करारातच एक ओळ घाला: परदेशी अर्जाआधी भारतीय बाजूची लेखी हिरवी झेंडी. त्याच करारात आधीपासूनचं ज्ञान कुणाचं, प्रकल्पातून निघालेलं कुणाचं आणि लेख छापण्याआधी किती दिवस दाखवायचा हेही ठरवा.

निर्यात नियंत्रण. विदेश व्यापार महासंचालनालयाची (डीजीएफटी) स्कोमेट यादी दुहेरी, म्हणजे नागरी आणि लष्करी वापराच्या वस्तू आणि तंत्रज्ञानासाठी आहे. काही कार्बन फायबर, काही पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, काही निर्वात यंत्रणा तिच्यात येऊ शकतात. वस्तूच नव्हे, ईमेलने पाठवलेलं डिझाइनसुद्धा निर्यात ठरू शकतं. यादीत बसत असेल तर डीजीएफटीकडे ऑनलाइन अर्ज, सोबत अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र. भागीदाराच्या देशातही असाच कायदा असतो, त्यामुळे त्यांनी एखादा फॉर्म भरायला सांगितला तर तो अविश्वास समजू नका.

जैवइंधनावर काम करणाऱ्यांनी जैवविविधता कायदा २००२ पाहावा. इथलं शेवाळ किंवा सूक्ष्मजीव परदेशी संस्थेला देणं किंवा त्यावरचे निष्कर्ष तिच्याकडे सोपवणं यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. केंद्र सरकारने मान्य केलेल्या, मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या संयुक्त प्रकल्पांना कलम ५ खाली सवलत आहे. सरकारी कार्यक्रमातून जाण्याचा हा आणखी एक फायदा. बॅटरीवाल्यांची अडचण वेगळीच: यूएन ३८.३ ही वाहतूक-सुरक्षेची चाचणी न झालेला प्रयोगशाळेतला लिथियम सेल साध्या कुरिअरने विमानातून जात नाही. वर्षाच्या आराखड्यात त्यासाठी वेळ ठेवा, किंवा सेलऐवजी इलेक्ट्रोडचा पदार्थ पाठवून तिकडेच सेल जुळवा.

इथे येणाऱ्या परदेशी संशोधकाला रिसर्च व्हिसा लागतो, पर्यटक व्हिसावर प्रयोगशाळेत बसवू नका. आपल्या संस्थेचं निमंत्रण आणि संलग्नतेचं पत्र त्याच्या अर्जाला जोडलं जातं. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आला असेल तर पोहोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिकांच्या ई-एफआरआरओ पोर्टलवर नोंदणी.

मंजुरीनंतर

दोन्ही एजन्सींच्या परीक्षणानंतर संयुक्त समिती निवड करते. एका बाजूला आवडलेला प्रस्ताव दुसऱ्या बाजूला नावडला तर तो गळतो. मंजुरीपत्र आलं की त्यात सांगितल्याप्रमाणे प्रकल्पाचं बँक खातं उघडा आणि पीएफएमएस या सरकारी निधी-वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंद करा, पहिला हप्ता त्यावर अडतो. दर आर्थिक वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर १२-ए नमुन्यात जातं, सोबत खर्चाचं विवरण. अनुदानावर मिळालेलं व्याज आपलं नसतं, ते सरकारला परत करायचं असतं. पुढचा हप्ता आदल्या वर्षाच्या प्रमाणपत्राशिवाय सुटत नाही, म्हणून मार्च संपताच लेखा विभागाच्या मागे लागा. तिकडच्या भागीदाराचं आर्थिक वर्ष डिसेंबरमध्ये संपत असेल तर दोन्ही बाजूंचे अहवाल एका तारखेला जुळणार नाहीत. संयुक्त अहवालाची तारीख कोणती धरायची ते दोन्ही एजन्सींना पहिल्याच वर्षी विचारून ठेवा.