केडलस्टनची बाग आणि शेताचा खटला

इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या केडलस्टन हॉलचं उद्यान आज नैसर्गिक वाटतं, पण त्यातलं फारसं काही आपोआप घडलेलं नाही. १७५८ मध्ये इस्टेट नव्या वारसाकडे आली, तेव्हा तिथे सरळ रेषेतले कालवे आणि आखीव बाग होती. ती मोडली. वास्तुविशारदाला आधी फक्त बागेचं काम मिळालं, हवेली नंतर. ओढा अडवून तळी केली, त्यावर तीन कमानींचा पूल बांधला. काठावर मासेमारीसाठी मंडप उभा राहिला, त्याच्या तळघरात थंड पाण्याचं स्नानकुंड. देखाव्याच्या आड येणारं गाव उठवलं, रस्ताही वळवला. मूळ जागी राहिलं ते फक्त चर्च.

या हवेलीच्या धर्तीवर १८०३ मध्ये कोलकात्याचं राजभवन (२०२५ पासून लोकभवन) उभं राहिलं. बंगालच्या फाळणीमुळे आपल्या लक्षात राहिलेला व्हाइसरॉय याच घराण्यातला. म्हणजे तो जणू घरच्याच नकाशात राहायला आला. १९८७ मध्ये हवेली वारसा जपणाऱ्या न्यासाकडे गेली.

मात्र अलीकडे केडलस्टनचं नाव घेतलं जातं ते एका शेतामुळे. डर्बीच्या वेशीवर ॲलेस्ट्रीजवळ ४०० घरांची योजना होती. जमीन हवेलीपासून दीड-दोन किलोमीटरवर, एके काळी याच इस्टेटीची. स्थानिक परिषदेने नकार दिला. २०१६ मध्ये नियोजन निरीक्षकाने अपिलात परवानगी दिली: वास्तूच्या 'परिसरात' (म्हणजे वास्तूसोबतच जपायच्या भोवतालात) मोडायला नुसता इतिहास पुरत नाही, प्रत्यक्ष किंवा नजरेचा संबंध लागतो. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला, कारण शेतीचं, मालकीचं, येण्याजाण्याचं नातंही मोजायला हवं. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने परवानगी पुन्हा बहाल केली. इतर बाबी गैरलागू नाहीत, पण नजरेचा संबंध बहुधा लागतोच, आणि तोही क्षणिक असून भागत नाही, असा एकंदर सूर.

खटकतं ते वेगळंच. वाढतं डर्बी उद्यानातून दिसू नये म्हणून विसाव्या शतकात मुद्दाम झाडांचा पट्टा लावला होता. उद्यान वाचवायला घातलेला हा पडदाच शेवटी शेताच्या विरोधात गेला. तो नसता तर नजरेचा मुद्दा इतका सहज निकाली निघाला असता का? दोन निकालांच्या मधल्या डिसेंबर २०१७ मध्ये वारसाविषयक सरकारी संस्थेने सुधारलेल्या मार्गदर्शिकेत आवाज, गंध आणि ऐतिहासिक नातंही परिसरात धरलं आहे. तरीही वारसास्थळाजवळ बांधकाम निघालं की दोन्ही बाजूंचे वकील २०१८ चाच निकाल पुढे करतात.