होमस्टेडची फाईल मागवताना अर्ज कुठे अडतो

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील नेब्रास्का किंवा कॅन्ससच्या माळरानावर वसलेल्या पूर्वजाचा जन्मदाखला शोधण्यात अनेकजण महिने घालवतात, आणि तो बहुधा अस्तित्वातच नसतो, कारण राज्यपातळीवर जन्मनोंदणी नेब्रास्कात १९०४ मध्ये आणि कॅन्ससमध्ये १९११ मध्ये सुरू झाली. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद वॉशिंग्टनमधील १९२१ च्या आगीमुळे गेले. १८८० आणि १९०० च्या जनगणनांमधली वीस वर्षे भरून काढायला उरते ती होमस्टेडची फाईल, म्हणजे वसण्यासाठी सरकारी जमीन मिळवताना दिलेल्या कागदांची फाईल.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखाला किंवा एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला १६० एकर सरकारी जमीन मिळत असे. मात्र तिथे पाच वर्षे राहून जमीन कसल्याचे दोन साक्षीदारांनिशी सिद्ध करावे लागे. घर केव्हा बांधले, घरात माणसे किती, किती एकर नांगरले, मध्ये किती काळ बाहेर होता, अशा प्रश्नांची उत्तरे त्या जबानीत सापडतात. परदेशातून आलेल्याच्या नागरिकत्वाच्या कागदांची नक्कलही बहुधा सोबत असते.

ही फाईल कोणीही मागवू शकतो. नाते सिद्ध करावे लागत नाही, त्यामुळे वारस दाखला किंवा वंशावळ जोडण्याचा खटाटोप करू नये. नॅशनल अर्काइव्ह्जचा, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा, फॉर्म क्रमांक ८४ भरावा. नेब्रास्काच्या बऱ्याच फाईली इंटरनेटवर आलेल्या आहेत, म्हणून पैसे भरण्याआधी तिथे पाहावे.

सर्वाधिक अर्ज क्रमांकापाशी अडतात. केंद्रीय भूव्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर सनदेची, म्हणजे जमीन नावावर झाल्याच्या सरकारी दस्तऐवजाची, प्रतिमा फुकट मिळते, पण ती म्हणजे फाईल नव्हे. जुन्या सनदेच्या माथ्यावर दोन आकडे असतात, एक सर्टिफिकेटचा आणि एक अर्जाचा. अर्जात सर्टिफिकेटचा आकडा हवा असतो आणि लोक नेमका दुसरा लिहितात. शिवाय १९०८ पूर्वी प्रत्येक भूमी कार्यालय आपापले क्रमांक देत असे, म्हणून कार्यालयाचे नाव नसेल तर आकडा निरुपयोगी ठरतो. ते नाव म्हणजे काउंटीचे (जिल्ह्याचे) नाव नव्हे. ते सनदेच्या पहिल्याच लांबलचक वाक्यात दडलेले असते. फॉर्मवर एवढी एक सूचना ठळकपणे छापायला कोणाची हरकत असावी, हे कळत नाही.

सनदेची तारीख ही वसाहतीची तारीख समजू नये. १८८५ ची सनद असेल तर पूर्वज साधारणपणे १८८० किंवा त्याआधी आलेला असतो, आणि त्याने एकरी सव्वा डॉलर भरून मुदत आटोपती घेतली असेल किंवा सैनिकी सेवेचा काळ वजा करून घेतला असेल, तर हा हिशेबही बदलतो.

टेक्सासमध्ये केंद्र सरकारची जमीन नव्हतीच. तिथल्या पूर्वजासाठी ऑस्टिनच्या राज्य भूमी कार्यालयाकडे जावे.

सर्वांत कठीण प्रकरण दुष्काळाला किंवा टोळधाडीला कंटाळून पाच वर्षांच्या आतच निघून गेलेल्यांचे. त्यांची सनद नाही, म्हणून संकेतस्थळावर नावही सापडत नाही, आणि लोक शोध तिथेच सोडतात. रद्द झालेल्या दाव्यांच्या फाईली मात्र पुष्कळदा जपलेल्या असतात. त्यासाठी ट्रॅक्ट बुकमध्ये, म्हणजे तुकड्यांनुसार दावे नोंदवलेल्या वहीत, टाउनशिप, रेंज आणि सेक्शन या जमिनीचे ठिकाण सांगणाऱ्या मोजणीच्या आकड्यांवरून नोंद काढावी लागते. हे आकडे ठाऊक नसतील तर १८८० च्या जनगणनेच्या त्याच पानावरच्या शेजाऱ्यांच्या सनदा काढून पाहाव्यात, कारण पूर्वजाचा तुकडा सहसा त्यांच्या आसपासच असतो.