हलका बाण, जड बाण

सिंहगड रस्त्याजवळच्या एका मैदानावर भाची तिरंदाजी शिकते. रविवारी मामाचं काम एकच, फोममध्ये रुतलेले बाण उपटायचं. काही बाण सरळ, खोलवर गेलेले असतात, तर काही तिरके आणि उथळ. धनुष्य तेच, हात तोच.

बाण खोल जायला वेग हवा, असं कुणीही सांगेल. ते अर्धंच खरं. धनुष्य ताणलं की त्यात ठरावीक ऊर्जा साठते. समजा, 25 ग्रॅमचा बाण सेकंदाला 80 मीटर वेगाने सुटला, तर त्याची गतिज ऊर्जा 80 ज्यूल. त्याच धनुष्यातून 40 ग्रॅमचा बाण 64 मीटरनेच सुटला, तरी ती 82 ज्यूल होते. हे दोन ज्यूल वरकड, कारण जड बाणामागे धनुष्याची थरथर कमी होते. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, मात्र 2 वरून 2.56 वर जातो.

आता बादलीतल्या पाण्यात हात आधी सावकाश फिरवा, मग झटक्यात. वेग वाढला की पाणी जास्त अडवतं. जनावराच्या ओलसर मांसातही बऱ्याच अंशी तेच होतं. विरोध कायम सारखा असता, तर दोन्ही बाण जवळपास सारखेच आत गेले असते. पण तो वेगाबरोबर वाढतो, म्हणून हलका बाण स्वतःच अडथळा ओढवून घेतो आणि जड बाण पुढे सरकतो. धनुष्याने शिकार करणं कायदेशीर असलेल्या अमेरिकेत यावर शिकारी तासन् तास भांडतात. शिकारीच्या बाणांचा अभ्यास करणारे एड ॲशबी यांनी आफ्रिकेत केलेल्या चाचण्यांवरून जाड हाड भेदायला बाणाच्या वजनाचा 650 ग्रेनचा, म्हणजे सुमारे 42 ग्रॅमचा, उंबरठा मांडला. (आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या 1991 च्या दुरुस्तीने शिकारीवर बंदी आली, हे उत्तमच.)

बाणाच्या टोकावरच्या पात्याचा आकारही महत्त्वाचा. लांबट, निमुळतं पातं पाचरीसारखं काम करतं. आदळल्यावर उघडणारी रुंद पाती जखम मोठी करतात, पण उघडण्यातच थोडी ऊर्जा खर्च होते.

माझ्या मते मात्र सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट वेगळीच. प्रत्यंचेचा धक्का बसताच बाण वाकतो आणि मासळीसारखा वळवळत निघतो. आदळेपर्यंत तो सरळ झाला नाही, तर जोर दांडी वाकवण्यात जातो. मैदानावरचे ते तिरके बाण बहुधा याच जातीचे.

हे सगळं ऐकून भाचीने एक जड बाण सोडून पाहिला. 70 मीटरवर तिला 12.2 सेंटीमीटरचं वर्तुळ गाठायचं असतं.

"मामा, हा तर पार खाली गेला!"

वेग कमी, म्हणून हवेत वेळ जास्त आणि घसरणही जास्त. तिने तो परत माझ्या हातात दिला.